चिमट्याचा माइक

माझ्या बदलीला मी स्वतःच संमती दिली होती, आणि तीही अंगठा वर करून, हे मला बदलीचा आदेश हातात पडल्यावर कळलं. आता सगळं निभावलं आहे म्हणून शांतपणे सांगतो. त्या दिवशी एवढा शांत नव्हतो.

मी पाणीपुरवठा खात्याच्या तक्रार विभागात आहे. लोकांचं ऐकून घ्यायचं, हे आमचं काम. पाणी सोडायचं काम दुसऱ्या विभागाचं आहे, आणि तो विभाग आमचं ऐकत नाही. कार्यालयात माणसं बारा आणि खुर्च्या सात असल्यामुळे आठवड्यातले तीन दिवस मी घरून लॅपटॉपवर काम करतो. अशाच एका दिवशी मुख्यालयाने ऑनलाइन बैठक लावली. अध्यक्ष म्हणाले, आठ तासांवरच्या शाखेत एक जागा रिकामी आहे, तुमच्या विभागातून एकाला पाठवावं लागेल; कोणाची हरकत? मी हरकत घेतली. चांगली चार मिनिटं घेतली, मुद्देसूद. पडद्यावरचे सगळे चेहरे कपाळाला आठ्या घालून माझ्या तोंडाकडे बघत होते. मला वाटलं, मुद्दा पोचतोय. मी बोलायचा थांबलो तेव्हा अध्यक्ष म्हणाले की तुमचा आवाज उशीत तोंड खुपसून बोलल्यासारखा येतोय, एक शब्द कळला नाही. आमचं तरी तुम्हाला नीट ऐकू येतंय ना? मी अंगठा वर केला.

इतिवृत्तात नोंद झाली : ‘संबंधितांनी अंगठा उंचावून संमती दर्शविली.’

त्यावर अर्ज केला तेव्हा ‘म्हणणे मांडण्याची एक संधी’ मिळाली. दहा दिवसांनी, शुक्रवारी अकरा वाजता, पंधरा मिनिटं, ऑनलाइन. प्रत्यक्ष भेटून बोलू का, असं विचारलं. प्रत्यक्ष भेटीला प्रवासाची परवानगी लागते, आणि ती परवानगी हीच समिती ऑनलाइन सुनावणी घेऊन देते, असं उत्तर आलं.

बदलीला भिण्याइतका मी काही कुक्कुलं बाळ नाही. प्रश्न बाबांचा होता. बाबा ब्याऐंशी वर्षांचे आहेत आणि त्यांना ऐकू येत नाही. कानाची यंत्रं दोन झाली. पहिल्यातून फक्त भांडी ऐकू येतात म्हणून त्यांनी ते काढून ठेवलं, दुसऱ्यातून भांडीही येईनात. पण माझा आवाज त्यांना येतो. कसा, ते कानाच्या डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. माझ्या आवाजाची कुठली तरी पट्टी त्यांच्या कानात शिल्लक राहिलेल्या फटीत नेमकी बसते, एवढंच. बायको त्यांच्या कानाशी ओरडते तेव्हा ते तिच्याकडे बघून सौजन्याने हसतात. मी स्वयंपाकघरातून साध्या आवाजात बोललो तरी उत्तर येतं. त्यामुळे आमच्या घरात मी म्हणजे टेलिफोन आहे. बायको म्हणते, बाबांना सांगा पाणी तापलंय. मी सांगतो. बाबा म्हणतात, तिला सांग आलोच. खरं म्हणजे तिला ते ऐकू गेलेलं असतं, पण एवढ्या वर्षांत मध्ये मला घेतल्याशिवाय बोलायची दोघांची सवयच गेली आहे. मी कार्यालयात असतो ते दोन दिवस ती दोघं चिठ्ठ्यांवर काढतात, आणि संध्याकाळी मी चपला काढायच्या आत दिवसभराचं तुंबलेलं बोलणं माझ्यावर सोडतात. आठ तासांवरून चिठ्ठ्यांवर संसार चालला नसता.

बाबांना यातलं काही सांगितलेलं नव्हतं. सांगायचं तर मीच सांगायला हवं होतं, आणि मी सांगत नव्हतो.

तर, आवाज का जात नाही याचा शोध घेणं भाग होतं. आमचे शेजारी टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झाले आहेत. सगळे त्यांना एक्स्चेंजकाका म्हणतात. पस्तीस वर्षं दुसऱ्यांचं बोलणं जोडून दिल्यामुळे आवाज या विषयावर त्यांच्यापुढे कोणी बोलत नाही. त्यांनी माझे हेडफोन हातात घेतले, वायर नखाने खरवडली, आणि निदान केलं : यात ऐकायची सोय आहे, बोलायची नाही. माइकच नाही याला. मी म्हटलं, लॅपटॉपच्या आत असतो ना माइक. त्यावर त्यांनी लॅपटॉपमधल्या माइकबद्दल जे मत दिलं ते एका निवृत्त माणसाने तरुण पिढीबद्दल द्यावं तसं होतं. तोंडापाशी माइक हवा, ते म्हणाले. कॉलरला चिमट्याने लावायचा एक छोटा माइक मिळतो, तो आण, झालं काम.

आता कोणी विचारेल की माइकसकट नवा हेडफोनच का नाही घेतला. हा प्रश्न पुढच्या दहा दिवसांत मला सगळ्यांनी विचारला, म्हणून उत्तर एकदाच देऊन टाकतो. माझे हेडफोन उत्तम आहेत. चौदा वर्षं झाली, आवाज खणखणीत. कानावरच्या गाद्या फाटल्या तेव्हा बायकोने जुन्या पर्सच्या कातड्याच्या नव्या शिवून दिल्या, त्यातल्या डाव्या गादीवर पर्सचं बटण अजून आहे. शिवाय माझं डोकं मोठं आहे. दुकानातले नवे हेडफोन माझ्या डोक्यावर चढतात ते पापड मोडल्यासारखा आवाज करून, आणि मग दुकानदार डोक्याकडे न बघता हेडफोनकडे बघतो. चालती वस्तू टाकून नवी आणणारी माणसं निराळी. आम्ही वस्तूचा जो भाग नाही, तेवढाच आणतो.

पहिल्यांदा वाटलं, माइक कार्यालयाच्या कामासाठी, तर कार्यालयाकडेच मागावा. माणसाचं कधीकधी असं होतं.

आमचे भांडारप्रमुख अत्यंत सज्जन आणि नियमाचे पक्के. त्यांच्या खोलीतल्या प्रत्येक वस्तूवर मालमत्ता क्रमांकाची चिकटपट्टी आहे. पंख्याच्या पात्यावर आहे, त्यामुळे पंखा चालू असताना क्रमांक फिरतो. त्यांनी माझा अर्ज वाचला आणि फार सहानुभूतीने समजावून सांगितलं. नुसता माइक ही स्वतंत्र वस्तू नाही, ती पूरक वस्तू. पूरक वस्तू मागायची तर मूळ वस्तूचा क्रमांक द्यावा लागतो. मूळ वस्तू म्हणजे तुमचे हेडफोन खाजगी. खाजगी वस्तूला सरकारी पूरक लावता येत नाही. मी विचारलं, मग मार्ग काय? मार्ग होता. मी हेडफोन भांडारात जमा करायचे, त्यांना क्रमांक मिळणार, आणि त्या क्रमांकावर माइक मागायचा.

मी जमा केले. याला मूर्खपणा म्हणायचं तर म्हणा, पण त्यांनी पावती इतक्या सुंदर अक्षरात लिहिली की मला शंका आली नाही. दुसऱ्या दिवशी हेडफोन परत मागायला गेलो तर ते म्हणाले, हेडफोन देणं मार्चपासून बंद आहे. मी म्हटलं, पण ते माझेच आहेत. होते, ते म्हणाले. मग ‘अनवधानाने जमा झालेली वस्तू परत मिळणेबाबत’ असा अर्ज करावा लागला. त्यात अनवधानाचं कारण नमूद करायचं होतं. मी ‘स्वभाव’ असं लिहिलं. ते ग्राह्य धरलं गेलं. तिसऱ्या दिवशी हेडफोन मिळाले. पर्सच्या बटणावर क्रमांकाची चिकटपट्टी होती.

आता सात दिवस राहिले होते. बायको म्हणाली, दुकानात जा आणि विकत घ्या. माझ्या मते हे तिने आधी म्हणायला हवं होतं. तिच्या मते तिने आधीच म्हटलं होतं.

दुकानात कॉलरचा माइक मागितला तर विक्रेत्याने आपुलकीने विचारलं, काका, व्हिडिओ करता का? नाही म्हटल्यावर त्याची आपुलकी गेली आणि त्याने एक डबी पुढे सरकवली. आत मुगाच्या शेंगेएवढा माइक, त्याला चिमटा, आणि मारुतीच्या शेपटासारखी वायर. घरी आणला, कॉलरला लावला, आणि वायरचं टोक घेऊन लॅपटॉपपाशी बसलो तेव्हा लक्षात आलं की लॅपटॉपला भोक एकच आहे. त्यात हेडफोन घातले तर ऐकू येणार, माइक घातला तर बोलता येणार. दोन्ही एका वेळी नाही.

“काय बिघडलं?” बायको म्हणाली. “ऐकायची वेळ येते तेव्हा तुम्ही बोलतच असता.”

मग कळलं की एका भोकाची दोन भोकं करणारा एक जोड मिळतो. तो आणला. त्यात हेडफोन घातले, माइक घातला, एक्स्चेंजकाकांना त्यांच्या घरी पाठवून तिथून फोन लावायला सांगितला. मला त्यांचं सगळं ऐकू येत होतं. त्यांना माझं काहीच नाही. अर्धा तास ते हॅलो हॅलो करत होते आणि मी हो हो करत होतो. शेवटी ते दारात येऊन उभे राहिले आणि जोड उलटसुलट करून बघत म्हणाले, अरे, हा दोन हेडफोन एकत्र लावायचा आहे. दोन माणसांना एकच गाणं ऐकायचं असेल तर. म्हणजे एव्हाना आमच्या घरात दोघांनी ऐकायची व्यवस्था झाली होती आणि बोलायची एकाचीही नव्हती. तसे घरात आम्ही तिघं.

पुन्हा दुकान. विक्रेत्याने आता मला ओळखायला सुरुवात केली होती, आणि ओळखल्यावर तो आतल्या बाजूला जायचा. त्याच्या सहकाऱ्याने ज्ञान दिलं की पिनेवर काळ्या रेघा असतात, त्या मोजायच्या. दोन रेघा म्हणजे नुसतं ऐकणं, तीन म्हणजे ऐकणं आणि बोलणं. त्या दिवसापासून मी जिथे पिन दिसेल तिथे रेघा मोजू लागलो. कार्यालयात एका बाई फोनवर बोलत असताना त्यांच्या कानाची वायर मी हातात धरली, त्यावरून थोडा गैरसमज झाला.

तीन रेघांचा जोड बुधवारी मिळाला. आवाज गेला. मी आनंदाने मान हलवली तर काका फोनवरून ओरडले की कोणीतरी पोतं ओढतंय. ती माझी कॉलर होती. माइक कॉलरवर घासत होता. मग तो शर्टाच्या बटणपट्टीवर लावला. तिथे माझं हृदय ऐकू येऊ लागलं, आणि काकांनी ते मोजून मला डॉक्टरांकडे जायचा सल्ला दिला. हेडफोनच्या वायरीवर लावला तर तो गोल फिरून भिंतीकडे तोंड करायचा. शेवटी काकांनी त्यांची जुनी छत्री मोडली. तिची एक काडी हेडफोनला दोऱ्याने बांधली, वाकवून माझ्या तोंडापुढे आणली, आणि तिच्या टोकाला चिमटा लावला. आरशात बघितलं तर मी दातांच्या दवाखान्यातून यंत्रासकट पळून आल्यासारखा दिसत होतो. वर माझा श्वास असा जायला लागला की काकांच्या घरी त्यांच्या सुनेने दार लावून घेतलं. त्याला बायकोने पावडरच्या डबीतल्या स्पंजची टोपी करून दिली. टोपी गुलाबी होती.

बाबा हे सगळं खिडकीपाशी बसून बघत होते. त्यांनी एकदाच विचारलं, हे काय चाललंय? मी म्हटलं, कार्यालयाचं काम. ते बरं म्हणाले आणि पुन्हा वर्तमानपत्र वाचू लागले.

गुरुवारी सकाळी छत्रीची काडी खणकन उडाली आणि माइकची वायर मुळापासून तुटली. सुनावणीला एक दिवस.

काकांनी एका दुरुस्तीवाल्याचा पत्ता दिला. जिन्याखालची खोली, टेबलावर उघडे पडलेले रेडिओ, डोळ्याला भिंग लावलेला एक अबोल माणूस. मी त्याला सगळी हकीकत सुरुवातीपासून सांगितली. अंगठ्यापासून. त्याने मध्ये एकदाही मान वर केली नाही. वायर डाग देऊन जोडली, ती जळल्याचा वास आला, माइक माझ्या हातात दिला, आणि मग म्हणाला, लॅपटॉप आणलाय का? आणला होता. त्याने तो उघडला, भिंगातून पडद्याच्या वरच्या कडेला बघितलं आणि बोट ठेवलं.

“हे काय आहे?”

ती मालमत्ता क्रमांकाची चिकटपट्टी होती. भांडारप्रमुखांनी दोन वर्षांपूर्वी स्वतःच्या हाताने लावलेली, एकदम सरळ रेषेत.

“याच्या खाली माइकचं भोक आहे,” तो म्हणाला. “पट्टी काढली की आवाज जाईल. बाकी कशाची गरज नाही.”

हातात माइक होता, पिशवीत एक चुकीचा आणि एक बरोबर जोड होता, काकांच्या घरी एक छत्री कायमची उघडीच राहिली होती. तो पट्टीला नख लावणार एवढ्यात मी त्याचा हात धरला. मालमत्ता क्रमांक काढणं हा आमच्याकडे गुन्हा आहे. चौकशी लागते. बदलीच्या तोंडावर चौकशी मला परवडणारी नव्हती. दुरुस्तीवाल्याने पहिल्यांदा भिंग काढून माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात काय होतं ते मी सांगणार नाही.

घरी बायकोला सांगितलं. ती हसली नाही, हे तिचे उपकार. एवढंच म्हणाली की हे काकांना सांगू नका, त्यांची छत्री गेली आहे.

शुक्रवार. अकराला पाच कमी. छत्रीची काडी रद्द करून चिमटा एका फूटपट्टीला लावला होता आणि पट्टी पुस्तकांत खोचली होती. माझ्यासमोर अकरा मिनिटांचं निवेदन होतं, त्यात सात मुद्दे होते आणि ‘जनहित’ हा शब्द तीनदा आला होता. पडद्यावर तिघं उगवले : अध्यक्ष, एक सदस्य बाई आणि सचिव. मी खोल श्वास घेतला आणि गेली दोन वर्षं बोलतो त्या आवाजात, म्हणजे विहिरीच्या तळातून काठावरच्या माणसाला हाक मारावी तसा, सुरू झालो.

बाईंनी कानातली वायर उपटून काढली. सचिव म्हणाले, साहेब, हळू, अगदी स्पष्ट येतंय.

मी आवाज खाली आणला आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू केलं. ‘उपरोक्त विषयास अनुसरून, विभागाची कार्यक्षमता विचारात घेता.’ हळू आवाजात ते वाक्य मलाच पटेना. दोन वर्षं मी इतक्या मोठ्याने बोलत होतो की काय बोलतो ते ऐकायची वेळच आली नव्हती. मी थांबलो.

“आवाज गेला का?” अध्यक्षांनी विचारलं.

“नाही. आहे.”

“मग बोला ना.”

मी कागद बाजूला ठेवला. म्हटलं, “मला जायचं नाहीये, साहेब. माझ्या वडिलांना ऐकू येत नाही. फक्त माझा आवाज येतो. मी गेलो तर त्यांच्याशी बोलायला घरात कोणी राहणार नाही.”

सगळं मिळून दहा सेकंद लागले असतील. अध्यक्ष थोडा वेळ वाट बघत राहिले.

“एवढंच?”

“एवढंच.”

मग मागच्या वेळी अंगठा का दाखवलात, असं त्यांनी विचारलं. मी चिकटपट्टीचं सांगितलं. तिघंही एकदम पुढे वाकले, आणि काही क्षण मला पडद्यावर फक्त तीन टाळकी दिसली. सचिवांच्या लॅपटॉपवर पट्टी होती, पण ती भोकाच्या बाजूला होती. मुख्यालयात पट्ट्या जरा निष्काळजीपणे लावतात. अध्यक्ष खुर्चीत मागे टेकले आणि विचारात पडल्यासारखे म्हणाले, “त्या बैठकीत तुमच्या विभागातल्या आणखी पाच जणांनी अंगठा दाखवला होता. आम्ही म्हटलं, विभाग फार समजूतदार आहे.”

पुढचं मला नंतर कळलं. सचिवांनी त्या दुपारी पाचही जणांना साधा फोन केला. चार जणांची हरकत होती आणि ती त्यांनी बैठकीत जोरात घेतली होती. पाचवा आमच्याच ओळीत बसणारा, गेली दोन वर्षं प्रत्येक बैठकीत तावातावाने काहीतरी बोलायचा. मुख्यालयाला वाटायचं, पगाराची तक्रार करतोय. त्याची सासुरवाडी त्या आठ तासांवरच्या गावात होती, बायको-मुलं तिथेच होती, आणि तो दर वेळी मला तिकडे पाठवा म्हणून विनवत होता. सोमवारी त्याचा आदेश निघाला आणि माझा रद्द झाला. तो मला कार्यालयाच्या जिन्यात भेटला. मग त्याने माझा हात धरला आणि आम्ही तसेच दोन जिने उतरलो.

घरी आलो तेव्हा बायकोने माझा चेहरा बघूनच ओळखलं आणि ओट्याला टेकून डोळे मिटले. मग म्हणाली, जा, बाबांना सांगा. मी म्हटलं, बदली झाली हेच सांगितलेलं नाही, रद्द झाली हे कसं सांगू? ती म्हणाली, दोन्ही एकदम सांगा.

बाबा पलंगावर बसले होते. मी दारातूनच, नेहमीच्या आवाजात म्हटलं, “बाबा, माझी बदली रद्द झाली.”

त्यांनी चष्मा काढला. रद्द? मग ते सावकाश खाली वाकले आणि पलंगाखालून एक बॅग ओढून बाहेर काढली. गच्च भरलेली. वरच्या कप्प्यात दोन महिन्यांची औषधं, भिंग, लोकरीची टोपी, कानाची दोन्ही यंत्रं.

“आदेश टेबलावर पडला होता,” ते म्हणाले. “मला ऐकू येत नाही. वाचता येतं.”

मी विचारलं, म्हणजे तुम्ही येणार होतात?

“मग काय तुला एकट्याला धाडणार होतो?” ते बॅग माझ्याकडे सरकवत म्हणाले. “तिथे तुझं ऐकणारं कोण होतं?”

मी फरशीवर बसलो आणि बॅगेची चेन उघडली. बाबा वरून सांगत होते, टोपी कपाटात, औषधं खिडकीत.